मातुल्या डॉल्फिनचं हुश्श

ऐका. पाय पोटाशी घ्या. मध्ये पाणी मागायचं नाही, शू आली म्हणायचं नाही.

एक होतं गाव. गावापुढे समुद्र. समुद्राकाठी अंगणवाडी. अंगणवाडीत होत्या कुंदाबाई. आणि कुंदाबाईंच्या पुढ्यात पोरंच पोरं.

बाई म्हणाल्या, "आज आपण डॉल्फिन करायचा. डॉल्फिन पाण्यात राहतो. पण श्वास घ्यायला वर येतो. चला, नाक धरा. खाली बसा. आता वर या. फुस्स."

पोरांनी नाक धरलं. पोरं खाली बसली. पोरं वर आली. फुस्स. तुम्ही पण करा. एकदाच हं. झालं? आता पुढे.

मग बाईंनी मातीचे गोळे दिले. ओली ओली माती. पोरांनी ती थापली. थप थप. वळली. गर गर. पोरं होती मासेमारांची. चालायच्या आधी बांगडा ओळखणारी. सगळ्यांनी भराभर मासेच केले. अंगावर खवले. उभी शेपटी. गालापाशी कल्ले. मासा पाण्यात श्वास घेतो ना, तो या कल्ल्यांनी.

बाईंनी कपाळाला हात लावला. हाताची माती कपाळाला लागली.

"अरे पोरांनो, डॉल्फिन सांगितला होता. तुम्ही तर बांगड्यांचा बाजार भरवलात. डॉल्फिनला खवले नसतात. कल्ले नसतात. त्याची शेपटी उभी नसते, आडवी असते. आणि नाक कुठे असतं? डोक्यावर. एक बारीक भोक. चला, पुसा ते कल्ले."

त्या पोरांत होती दुर्वा. दुर्वाने खवले पुसले. कल्ले पुसले. शेपटी आडवी केली. आता राहिलं डोक्यावरचं भोक. दुर्वा काडी शोधायला उठली.

तेवढ्यात ताटं वाजली. खणण खणण. खिचडी आली.

बाई म्हणाल्या, "राहिलेलं जेवल्यावर करा. डोक्यावर ओलं फडकं ठेवा, म्हणजे माती वाळायची नाही."

दुर्वाने डॉल्फिनला खिडकीत ठेवलं. त्याच्या डोक्यावर ओलं फडकं ठेवलं. "बस हां मातुल्या," ती म्हणाली, आणि पळाली. मातीचा, म्हणून मातुल्या. नाव मिळालं. पण कल्ले गेले, आणि भोक काही आलं नाही.

आता मातुल्याने श्वास घ्यायचा कुठून?

त्याला श्वास घेता येईना. श्वास सोडता येईना. हुश्श म्हणता येईना. आणि त्याला हुश्श म्हणायचं होतं. सकाळपासून त्याला मळलं, थापलं, वळलं, पुसलं. दमणार नाही का तो?

मातुल्याने हाक मारली, "दुर्वा, दुर्वा." पण खिचडीपुढे कोणाला ऐकू येतं? पोरं जेवली. पोरं सतरंजीवर आडवी झाली. घुर्र घुर्र.

खिडकीत ऊन आलं. कडक ऊन. माती वाळायला लागली. आणि वाळलेल्या मातीला भोक पडत नाही. पाडायला गेलं तर तडा जातो. म्हणजे आताच काहीतरी करायला हवं होतं. दमलेल्याला घाई, याहून वाईट काही नाही.

मातुल्या खिडकीतून उतरला. आडव्या शेपटीवर चालायला लागला. थपक थपक, थपक थपक.

दाराशी खराटा उभा होता. माडाच्या हिरांचा खराटा. हीर म्हणजे पानातली बारीक काडी. भोक पाडायला अगदी बरी.

मातुल्या म्हणाला,
"खराटेदादा, खराटेदादा,
हीर मिळेना, भोक पडेना.
भोक पडेना, श्वास येईना.
दमलो हो दादा, दमलो."

खराटा भिंतीला टेकला. म्हणाला, "दमलो रे बाबा, मीही दमलो. अख्खं अंगण झाडलं. वारा आला, परत पानं पडली. परत झाडलं. माझी दोरी बघ किती सैल झाली. एक हीर काढलास तर सगळे सुटतील. आधी दोरी आण. मग हीर देईन."

मातुल्या निघाला. थपक थपक, थपक थपक.

माडाखाली धाकूआजोबा बसले होते. मांडीवर जाळं. जाळ्याला हे एवढं भगदाड. आजोबा एक गाठ मारत, एक डुलकी काढत.

मातुल्या म्हणाला,
"आजोबा, आजोबा,
दोरी मिळेना, हीर मिळेना.
हीर मिळेना, भोक पडेना.
भोक पडेना, श्वास येईना.
दमलो हो आजोबा, दमलो."

आजोबांनी एक डोळा उघडला. म्हणाले, "दमलो रे बाबा, मीही दमलो. दोरी आहे. नाही कशाला म्हणू? पण रिळावर मनी बसली आहे. उठवायला गेलं की ओरबाडते. आधी मनीला उठव. मग दोरी देईन."

मातुल्या निघाला. थपक थपक, थपक टक.

टक? हो, टक. शेपटीचं टोक वाळलं होतं.

दोरीच्या रिळावर मनी मांजर. गोल गोल झालेली. शेपूट नाकावर.

मातुल्या म्हणाला,
"मनीताई, मनीताई,
मनी उठेना, दोरी मिळेना.
दोरी मिळेना, हीर मिळेना.
हीर मिळेना, भोक पडेना.
भोक पडेना, श्वास येईना.
दमलो गं ताई, दमलो."

मनीने जांभई दिली. आऽऽ. म्हणाली, "दमले रे बाबा, मीही दमले. सकाळपासून वाट बघते आहे. आज एक काटासुद्धा कोणी टाकला नाही. नुसत्या गप्पांना मनी उठत नाही. आधी मासळी आण. मग उठेन."

मातुल्या निघाला. थपक टक, थपक टक. अर्धी शेपटी वाळली होती.

किनाऱ्यावर बसल्या होत्या शेवंतीकाकू. शेवंतीकाकू म्हणजे दुर्वाची आई. मासळी विकायच्या. पण टोपली रिकामी. रिकामी टोपली उपडी घातली, आणि तिच्यावरच बसल्या. हात गालाला, डोळे समुद्राला.

मातुल्या म्हणाला,
"काकू, काकू,
मासळी मिळेना, मनी उठेना.
मनी उठेना, दोरी मिळेना.
दोरी मिळेना, हीर मिळेना.
हीर मिळेना, भोक पडेना.
भोक पडेना, श्वास येईना.
दमलो गं काकू, दमलो."

काकू म्हणाल्या, "दमले रे बाबा, मीही दमले. पहाटेपासून इथे बसून आहे. होडी लागेल, मासळी घेईन, बाजार करीन, पोरीला घरी नेईन. पण होडी काही लागत नाही. ती बघ, तिथे अडकली. आधी होडी आण. मग मासळी देईन."

मातुल्या निघाला. टक टक, टक टक. सगळी शेपटी वाळली. पोट वाळायला लागलं. डोक्यावरचं फडकं तेवढं ओलं होतं, तेही थोडंसंच.

ओहोटी लागली होती. पाणी लांब गेलेलं. ओल्या वाळूत होडी रुतून बसलेली. खप्पकन. पोटात मासळी भरलेली. आतली माणसं ढकलून ढकलून दमली, आणि होडीतच आडवी झाली.

आता एवढं तर तुम्हाला पाठ झालं असेल. म्हणा पाहू.

मातुल्या म्हणाला,
"होडीमावशी, होडीमावशी,
होडी लागेना, मासळी मिळेना.
मासळी मिळेना, मनी उठेना.
मनी उठेना, दोरी मिळेना.
दोरी मिळेना, हीर मिळेना.
हीर मिळेना, भोक पडेना.
भोक पडेना, श्वास येईना.
दमलो गं मावशी, दमलो."

होडी कुरकुरली. कर्र कर्र. म्हणाली, "दमले रे बाबा, मीही दमले. रात्रभर पाण्यात डुललेय. आता घर समोर दिसतंय आणि जाता येत नाही. पाण्याशिवाय होडी म्हणजे नुसतं लाकूड. आधी लाट आण. मग किनाऱ्याला लागेन."

मातुल्या निघाला. टक टक, टक टक. पोट वाळलं. पाठ वाळली. बाजूचे पोहायचे पर वाळले. ते आता हलेनात.

पाण्याच्या काठाशी मातुल्या थांबला. पुढे जायची सोय नव्हती. तो मातीचा. उन्हात वाळायचा आणि पाण्यात विरघळायचा. इकडे आड, तिकडे विहीर. जायचं कुठे माणसाने, म्हणजे डॉल्फिनने?

लाट सपाट पडून होती. ना उठत होती, ना फुटत होती.

मातुल्या लांबूनच म्हणाला,
"लाटआत्या, लाटआत्या,
लाट उठेना, होडी लागेना.
होडी लागेना, मासळी मिळेना.
मासळी मिळेना, मनी उठेना.
मनी उठेना, दोरी मिळेना.
दोरी मिळेना, हीर मिळेना.
हीर मिळेना, भोक पडेना.
भोक पडेना, श्वास येईना.
दमलो गं आत्या, दमलो."

लाट हळूच म्हणाली, "दमले रे बाबा, मीही दमले. दिवसभर येते आणि जाते. जाते आणि येते. कोणी बस म्हणत नाही. आता अंगात त्राण नाही. आधी मागून ढकलणारं कोणीतरी आण. मग उठेन."

मागून म्हणजे कुठून? मागे तर नुसता समुद्र. तिथे मातुल्याला जाता येत नव्हतं. आता कोणाला विचारायचं, हेही त्याला कळेना. तो ओल्या वाळूवर बसला. डोक्यावरचं फडकं वाळत चाललं होतं. मातुल्याला रडू आलं. पण रडायलाही श्वास लागतो. रडूसुद्धा आतच राहिलं.

आणि तेवढ्यात, लाटेच्या मागे, पाणी फुटलं.

फुस्स.

पाण्यातून एक डोकं वर आलं. करडं, गुळगुळीत, मोठं. डोक्यावर एक भोक. भोकातून वाफ उडाली. पाण्याचे थेंब उडाले. थेंब मातुल्याच्या फडक्यावर पडले. टप टप टप. फडकं पुन्हा ओलं झालं.

ती होती खरीखुरी डॉल्फिन. तिच्या कुशीला तिचं पिल्लू.

मातुल्या बघतच राहिला. हिला कल्ले नाहीत. हिला खवले नाहीत. हिची शेपटी आडवी. हिच्या डोक्यावर भोक. बाई म्हणाल्या होत्या, अगदी तस्सं.

मातुल्या म्हणाला,
"तू कोण गं, तू कोण?
कोणी ढकलेना, लाट उठेना.
लाट उठेना, होडी लागेना.
होडी लागेना, मासळी मिळेना.
मासळी मिळेना, मनी उठेना.
मनी उठेना, दोरी मिळेना.
दोरी मिळेना, हीर मिळेना.
हीर मिळेना, भोक पडेना.
भोक पडेना, श्वास येईना.
दमलो गं, फार दमलो."

डॉल्फिन म्हणाली, "दमले रे बाबा, मीही दमले. पिल्लू सांभाळते. पोहते. वर येते, खाली जाते."

मातुल्याने मान खाली घातली. त्याला पुढचं ठाऊक होतं. त्याने आपणच विचारलं, "मग तुला आधी काय आणू?"

"मला? मला काही नको," डॉल्फिन म्हणाली. "हे पिल्लू झालं ना, तेव्हा मी त्याला नाकाने वर ढकललं. पहिला श्वास घे म्हटलं. त्याच्याकडे तेव्हा काय मागितलं होतं? श्वास घेणाऱ्याला थांबवायचं नसतं. जा, होडीत चढ. लाट आली तर भिजशील."

मातुल्या वळला. टक टक, टक टक. होडीने कूस कलती केली. मातुल्या चढला.

डॉल्फिनने शेपटी उचलली. आडवी, रुंद शेपटी. आणि पाण्यावर आपटली.

धप्प.

मग काय झालं?

लाट उठली. सळसळ सळसळ.

होडी सुटली. किनाऱ्याला लागली. खर्रर्र. होडीतली माणसं डोळे चोळत उठली.

शेवंतीकाकूंना मासळी मिळाली. त्यांनी टोपली भरली. टोपली डोक्यावर घेतली. खाली बघतात, तर मातुल्या. "चल, तुला कसलं चालवतंय आता," काकू म्हणाल्या, आणि त्याला टोपलीच्या काठावर बसवलं. डुलुक डुलुक, डुलुक डुलुक.

वाटेत काकूंनी मनीपुढे एक तारली, म्हणजे छोटी मासळी, टाकली. मनी उठली. टुणकन.

काकूंनी मातुल्याला आजोबांपाशी ठेवलं, आणि त्या बाजाराला गेल्या.

आजोबांना दोरी मिळाली. त्यांनी मातुल्याला तळहातावर घेतलं. अंगणवाडीत नेलं. खिडकीत ठेवलं. मग खराट्याला दोरी गुंडाळली. एक वेढा, दुसरा वेढा, करकचून गाठ. "जमलं," आजोबा म्हणाले, आणि जेवायला गेले.

खराटा ताठ उभा राहिला. त्याने एक हीर दिला. तो खिडकीत येऊन पडला. टप्प.

हीर मिळाला.

पण मातुल्याचे पर वाळलेले. आणि ओले असते, तरी डोक्यापर्यंत थोडेच पोचतात? भोक पाडायचं डोक्यावर, आणि हात एकसुद्धा नाही. हीर पुढ्यात पडलेला, आणि मातुल्या नुसता त्याच्याकडे बघतोय. एवढा फिरला, एवढा दमला, आणि आता हे.

सतरंजीवर सगळी पोरं झोपली होती. घुर्र घुर्र. कुंदाबाई खुर्चीतच पेंगत होत्या. कपाळाची माती तशीच.

फक्त दुर्वा जागी होती. ती या कुशीवर वळत होती. त्या कुशीवर वळत होती. तिला वाटत होतं, काहीतरी राहिलंय. काय राहिलंय? खिचडी खाल्ली. हात धुतले. मग काय राहिलंय?

टप्प वाजलं, ते तिने ऐकलं. तिने खिडकीकडे पाहिलं.

"भोक राहिलं," दुर्वा म्हणाली.

ती उठली. हळूच, पोरांच्या मधून. टाचा उचलून खिडकीशी उभी राहिली. तिने मातुल्याला हात लावला. शेपटी कडक. पोट कडक. पाठ कडक. तिने फडकं उचललं. डोकं मऊ होतं. तेवढंच मऊ राहिलं होतं.

दुर्वाने हीर घेतला. डोक्याच्या मधोमध टेकवला.

टुच्च.

भोक पडलं.

आणि मातुल्याने श्वास घेतला. पहिला श्वास. लांब, लांब. आणि सकाळपासूनचा सगळा शीण त्या भोकातून बाहेर आला.

हुश्श.

दुर्वाच्या कपाळावरचे केस उडाले. ती हसली. मग तिला एवढी झोप आली, एवढी झोप आली, की ती खिडकीखालीच बसली.

थोड्या वेळाने शेवंतीकाकू आल्या. बाजार झाला होता. रिकामी टोपली काखेत. त्या पायरीवर टेकल्या. दुर्वा जाऊन त्यांच्या मांडीत शिरली.

"आई, भोक राहिलं होतं गो."

"पाडलंस?"

"पाडलं."

"मग झालं तर," आई म्हणाली. तिने पाय लांब केले. तिच्या अंगाला मासळीचा वास होता, आणि समुद्राचा. दुर्वाने नाक तिच्या पोटात खुपसलं.

आई म्हणाली, हुश्श.
माडाखाली आजोबा म्हणाले, हुश्श.
रिळावर मनी म्हणाली, हुश्श. हो, परत जाऊन बसली ती.
किनाऱ्यावर होडी म्हणाली, हुश्श.
वाळूवर लाट म्हणाली, हुश्श.
आणि लांब पाण्यात डॉल्फिन वर आली. तिच्या शेजारी तिचं पिल्लू. मोठं फुस्स, आणि मागून छोटंसं फुस्स.

मातुल्याची गोष्ट समुद्राला गेली, समुद्रावरून परत आली. आता ती दमली, आणि उशीशी बसली. तुम्ही पण एकदा हुश्श म्हणा, आणि डोळे मिटा. सांगणारी कधीची दमली आहे.